बिल नव्या कॉम्प्रेसरचे, बदलले फक्त बेअरिंग

घोडबंदर रस्त्यालगतच्या एका गॅरेजने माझ्या गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर बदलल्याचे सांगून 26,500 रुपये घेतले. प्रत्यक्षात कॉम्प्रेसर जुनाच होता आणि बदलले होते ते केवळ पुलीतील, म्हणजे बेल्टने फिरणाऱ्या चाकातील, बेअरिंग. प्रकरण अद्याप मिटलेले नसल्याने गॅरेजचे नाव देत नाही. मात्र ही फसवणूक कशी केली जाते हे ठाणे आणि नवी मुंबईतील गाडीमालकांना ठाऊक असावे, म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

गाडी 2016 सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. इंजिन सुरू केले की बोनेटखालून घरघर ऐकू येत असे आणि इंजिनाचा वेग वाढला की तीही वाढत असे. एसी बंद केल्यावर आवाजाचा सूर थोडा बदलायचा, पण आवाज थांबत नसे, आणि गारव्यात तर काडीचाही फरक पडलेला नव्हता. हे सर्व मी मिस्त्रींना गाडी देतानाच सांगितले होते. त्यांनी बोनेट उघडले, क्षणभर कान दिला आणि काळ्या तेलाने माखलेले एक फडके माझ्यासमोर धरून म्हणाले, "साहेब, कॉम्प्रेसरचा आतून चुरा झालाय. आज नाही बदललात, तर बेल्ट तुटून गाडी घाटातच बंद पडेल." कॉम्प्रेसर जाम झाल्यास बेल्ट तुटू शकतो आणि त्याच बेल्टवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही फिरत असतो, हे खरे आहे, अशी धमकी निम्मी खरी असते म्हणूनच ती लागू पडते.

गाडी परत मिळाली तेव्हा आवाज गेला होता. जुना कॉम्प्रेसर मागितला असता तो 'बायबॅकमध्ये जमा केला' असे उत्तर मिळाले, आणि हातात पडलेल्या कच्च्या बिलावर 'एसी कॉम्प्रेसर, गॅस, मजुरी' एवढेच लिहिलेले होते.

पावसाळ्यापूर्वी तोच आवाज पुन्हा सुरू झाला. या वेळी गाडी तुर्भ्यातील, केवळ एसीचेच काम करणाऱ्या एका वयस्कर कारागिराकडे नेली. त्यांनी कोणताही भाग खोलण्यापूर्वी जी तपासणी माझ्यादेखत केली, ती कोणत्याही गाडीमालकाने आग्रहाने करवून घ्यावी अशी आहे. प्रथम इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली आणि पंखा कमी-जास्त करून पाहिला; आवाज तेव्हा आला असता, तर दोष डॅशबोर्डमागच्या ब्लोअरचा किंवा त्यात अडकलेल्या पाल्यापाचोळ्याचा असता. नंतर एसी बंद ठेवून इंजिन सुरू केले, घरघर होतीच. माझ्या गाडीसारख्या, चुंबकीय क्लच असलेल्या एसीत बेल्टवरची पुली इंजिनाबरोबर सतत फिरते, परंतु कॉम्प्रेसरचा आतला भाग एसी लावून क्लच 'टक्' करून जोडला गेल्यावरच फिरू लागतो. त्यामुळे एसी बंद असतानाही येणारा आवाज कॉम्प्रेसरच्या आतून येत असण्याची शक्यता फारच कमी असते. उलट, एसी लावल्यावरच येणारा आवाज मात्र कॉम्प्रेसरचा, क्लचचा, सैल बोल्टचा, गॅस जास्त भरल्याचा, किंवा एसीबरोबर सुरू होणाऱ्या कंडेन्सरच्या (गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या) पंख्याचाही असू शकतो. तेवढ्यावरून कॉम्प्रेसर गेला असे म्हणता येत नाही. शेवटी त्यांनी बेल्ट काढून प्रत्येक पुली हाताने फिरवली. बाकीच्या गुळगुळीत फिरल्या, कॉम्प्रेसरची तेवढी खरखरत होती.

लिफ्टवर गाडी चढवल्यानंतर उरलेली गोष्ट उघडी पडली. कॉम्प्रेसरवर चंदेरी स्प्रे मारलेला होता, पण खालच्या बाजूच्या लेबलवर उत्पादनाचे वर्ष 2016 स्पष्ट वाचता येत होते. गॅसच्या पाइपांच्या जोडावरील बोल्टवर वर्षानुवर्षांची माती तशीच घट्ट बसलेली होती. तो जोड सोडवल्याखेरीज कॉम्प्रेसर बाहेर येऊच शकत नाही. म्हणजेच नवा कॉम्प्रेसर बसवला नव्हता आणि गॅसही काढला नव्हता. माझ्या गाडीत क्लच आणि पुली पुढच्या बाजूने निघतात, त्यामुळे बेअरिंग बदलताना गॅसला हातसुद्धा लावावा लागत नाही. तरी बिलात गॅस होताच. चांगले बेअरिंग आणि मजुरी मिळून तुर्भ्यात 2,200 रुपयांत काम झाले.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा बिलातच होता. कॉम्प्रेसरचा आतून खरोखर चुरा झाला, तर धातूचे कण पाइपांतून कंडेन्सरपर्यंत पोहोचतात. अशा वेळी पाइप धुणे आणि ओलावा शोषणारा ड्रायर बदलणे आवश्यक ठरते, अन्यथा नवा कॉम्प्रेसरही लवकरच निकामी होतो. नंतर पाइपांतली हवा पंपाने ओढून काढून (व्हॅक्यूम करून), बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा लागतो. 'चुरा झालाय' म्हणणाऱ्याच्या बिलात पाइपांची धुलाई, ड्रायर आणि व्हॅक्यूम यांपैकी एकही काम नसावे, याचा अर्थ एकतर त्याने काम अर्धवट केले आहे किंवा केलेलेच नाही. कॉम्प्रेसर बदलायचाच असेल, तर जुन्याच्या लेबलचा फोटो आधी काढून ठेवावा, जुना भाग हातात मिळाल्याखेरीज पैसे देऊ नयेत, आणि भागाचा क्रमांक लिहिलेले पक्के बिल मागावे.

लेबल आणि बोल्ट यांचे फोटो, तसेच दुसऱ्या कारागिराचा लेखी अभिप्राय जोडून मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. हेल्पलाइनकडून विचारणा झाल्यावर गॅरेजमालकांनी निम्मी रक्कम देऊ केली असून, 'कोणतीही तक्रार उरलेली नाही' असे त्यांना माझ्याकडून लिहून हवे आहे. मी नकार कळवला आहे आणि ठाणे जिल्हा आयोगासाठी तक्रारीची कागदपत्रे तयार करीत आहे.