कच्च्या धावपट्टीचे धडे देणारा सोलापुरातील सिम्युलेटर वर्ग

छोटी विमाने कच्च्या पट्टीवर उतरवताना आणि तेथून उडवताना कोणते धोके संभवतात, हे शिकवणारा एका खासगी सिम्युलेटर केंद्राचा शनिवार-रविवारचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. पुढे तक्रारही असल्यामुळे केंद्राचे नाव देत नाही.

वर्गाची खरी जमेची बाजू म्हणजे हिशेब. सोलापूर विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,५८० फुटांवर आहे. मात्र मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की हवा विरळ होऊन विमानाच्या दृष्टीने ती उंची पाच हजार फुटांच्या घरात जाते आणि इंजिन, पंखा व पंख या तिघांचाही जोर एकदमच घटतो. (हा हिशेब आम्ही वातानुकूलित खोलीत बसून केला, हे सांगायला हवे.) ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या मार्गदर्शनानुसार उड्डाणाचे अंतर ओल्या गवतावर ३० टक्के आणि दोन टक्के चढावर आणखी १० टक्के वाढवून धरावे लागते, शिवाय या वाढीचा गुणाकार होत असल्याने पक्क्या, सपाट पट्टीवरचे ५०० मीटर तेथे ७१५ मीटर होतात. निम्मी पट्टी संपेपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नाही, तर उड्डाण सोडून द्यायचे, हा नियम प्रशिक्षकांनी प्रत्येकाकडून इतक्या वेळा घोटून घेतला, की हात आपोआप थ्रॉटलकडे, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्याकडे, जाऊ लागला.

मातीच्या बाबतीत मात्र वर्ग तोकडा पडतो. सिम्युलेटरमध्ये मऊ जमीन म्हणजे सर्वत्र सारखीच ओढ. आपल्याकडची काळी माती तशी वागत नाही: वरची खपली वाळलेली दिसते आणि खाली ओल असते, त्यामुळे सेसना १७२ सारख्या विमानाचे पुढचे चाक अचानक रुतते, पंख्याची पाती जमिनीला लागतात आणि मग इंजिन उघडून तपासण्यावाचून गत्यंतर नसते. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात. मुरमाचा खडा उडून पात्याच्या कडेला टवका पडला, तर तेथूनच पुढे तडा जाऊ शकतो. उतरण्यापूर्वी शक्य असेल तेव्हा पट्टी कोणीतरी पायी चालून पाहिलेली असावी, हे एका वाक्यात उरकण्यात आले.

अडथळ्यांच्या धड्यात सोलापूर विमानतळाला अडथळा ठरते म्हणून १५ जून २०२३ रोजी पाडलेल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचे उदाहरण होते. ते सोलापूरकरांना चटकन पटते. पण चिमणी लांबूनही दिसते, शिवारातून गेलेली विजेची तार दिसत नाही. तार नव्हे, खांब शोधायचे असतात, आणि त्याचा सराव घेतला गेला नाही.

व्यावसायिक वैमानिकाचे प्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांनी हिशेबासाठी हा वर्ग जरूर करावा. जमीन ओळखायला शिकण्याची अपेक्षा ठेवू नये. शुल्क आगाऊ घेतले जाते आणि तारीख बदलून मिळत नाही.