रुमेटॉइड आर्थरायटिस आणि मॅन्युअल थेरपी : वर्षभर घेतल्यानंतर

मला रुमेटॉइड आर्थरायटिस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, सोबत हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. औषधांनी सूज उतरली, सीआरपी (अंगातली सूज किती ते सांगणारा रक्तातला आकडा) आटोक्यात आला, पण मनगटं आणि बोटं आखडलेलीच राहिली. म्हणून डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपीतली मॅन्युअल थेरपी, म्हणजे हातांनी सांधे हलवून मोकळे करायचा उपचार, सुरू केली. आता वर्ष होत आलं.

ही मालिश नव्हे. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाई आधी हात कोमट मेणात बुडवायला लावतात. मग मनगटाचं एक हाड घट्ट धरून दुसरं अगदी हळू, एका लयीत सरकवतात. या हालचालींच्या जोराच्या पायऱ्या असतात. दुखत असेल तर पहिल्या दोनच, नुसती आखडण असेल तर पुढच्या. शेवटी कोपराखालचे स्नायू मोकळे करतात. ज्या दिवशी सांधा लाल, गरम असेल, त्या दिवशी त्याला हातही लावत नाहीत. मला त्यांचं हेच सगळ्यात पटलं.

कुकरचं झाकण आता मीच लावते. कणीक मळता येते, पण पोळ्या जास्त असल्या की अंगठा बोलतो. एकेका वेळचा मोकळेपणा दोनेक दिवस टिकतो. पुढे टिकवायला घरचा व्यायामच लागतो. ब्रिटनमधल्या सारा नावाच्या चाचणीत (2015) नेहमीच्या उपचारांना हातांच्या नेमून दिलेल्या व्यायामाची जोड दिली, तेव्हा वर्षानंतरही हातांचं काम सुधारलेलं दिसलं. मूळ आजारावर मात्र या उपचाराचा काही परिणाम नाही. तो औषधांनीच आवरतो, त्यामुळे गोळ्या कमी करायचा विचारही करू नका.

आता मानेचं, आणि हे कळकळीने सांगते. या आजारात मानेच्या वरच्या दोन मणक्यांना बांधणारा अस्थिबंध सैल पडू शकतो. तिथे झटका बसला तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. आमच्या बाईंनी मानेला हात लावण्याआधी मान पुढे-मागे वाकवून काढलेला एक्स-रे मागितला. सलूनमध्ये डोक्याची मालिश झाली की मान कटकन मोडून देतात, ती आपल्यापैकी कोणीही करून घेऊ नये. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसवाल्यांनी (हा कण्याचा संधिवात, यात मणके एकमेकांना जुळत जातात) तर नाहीच. जुळून आलेला, ठिसूळ झालेला कणा अशा झटक्याने मोडू शकतो.

नवीन ठिकाणी जाणार असाल तर ‘मला संधिवात आहे’ एवढंच सांगू नका. आजाराचं पूर्ण नाव, चालू औषधं आणि ताजे रिपोर्ट दाखवा. स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा, हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. ते न विचारता कोणी थेट सांधे दाबायला बसलं, तर तिथून सरळ उठून या.