प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी: वर्ष उलटून गेल्यावर

ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. यांपैकी एका सरकारी मनोरुग्णालयात माझ्या थोरल्या भावाचे उपचार चालू आहेत. दादाला लहानपणापासून बौद्धिक अक्षमता, आणि चाळिशीत भास सुरू झाले. खासगीतला खर्च झेपेना, म्हणून इथे आलो.

औषधांबद्दल तक्रार नाही. केसपेपर काढायचा, नंबर लावायचा, दुपारपर्यंत महिन्याच्या गोळ्या हातात. गर्दी मात्र अफाट आणि दादाला गोंगाट सोसत नाही. आम्ही सोमवार टाळतो.

खरा घोळ तपासणीच्या खोलीत होतो. "आवाज ऐकू येतात का?" दादा म्हणतो, हो. "आता येत नाहीत ना?" तरी हो! समोरचा माणूस खूश व्हावा म्हणून तो सगळ्यालाच हो म्हणतो. त्यावरून रिस्पेरिडोनचा, म्हणजे भासांवरच्या गोळीचा, डोस वाढला; अंग आखडलं, लाळ गळायला लागली. घरी येणारे म्हणायचे, किती शांत झालाय. शांत कसला, गुंगीत होता. त्यात बहुतेक वेळा डॉक्टर नवे, म्हणजे कहाणी पहिल्यापासून. मग मी वही घातली: झोप, जेवण, पोट साफ झालं का, एकटाच कधी बोलतो, कसा चालतो. शिवाय फोनवर छोटे व्हिडिओ. एका तरुण डॉक्टरबाईंनी ते नीट पाहिले आणि गोळीचा डोस उतरवला. आता दादा पुन्हा स्वतःच्या हाताने जेवतो.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं काम रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांमुळे मार्गी लागलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार वेगवेगळे धरलेत. दोन्हींची नोंद करून घ्या, असं त्यांनीच बजावलं. कारण केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्यात (१ लाखापर्यंत) बौद्धिक अक्षमता बसते, नुसता मानसिक आजार बसत नाही. हे आम्हाला आधी कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं.

समुपदेशनाची अपेक्षा ठेवून जाऊ नका. एवढ्या रांगेत डॉक्टर बोलणार तरी किती? रात्री-अपरात्री दादा बिथरला की मी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन लावते. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, आणि निदान सकाळपर्यंत काय करायचं ते कळतं.

औषधांसाठी मी हीच ओपीडी सुचवेन. जाताना जुने कागद, आधार आणि डबा न्या. कॅन्टीनमधल्या वड्यावर फक्त दादा खूश असतो.