‘घरचा आहेर’ सकारात्मक! मीडिया ॲनालिसिस एजन्सी आठ महिने वापरल्यावर

मीडिया ॲनालिसिस एजन्सी म्हणजे आपल्या संस्थेबद्दलच्या बातम्या गोळा करून त्यांचा सूर आणि प्रभाव मोजून देणारी कंपनी. डॅशबोर्ड बघून ती निवडू नका, डेमोत सगळ्यांचाच झकास दिसतो. आमच्या एजन्सीचं नाव देत नाही. पाचपैकी तीन गुण, त्यातले दोन सकाळी 9 च्या आत येणाऱ्या कात्रणांचे.

पहिला घोळ मराठी शोधाचा. कीवर्ड ‘कारखाना’ एवढाच दिला तर ‘कारखान्याच्या’, ‘कारखान्याने’ असलेल्या बातम्या गळतात. सामान्यरूपं आणि शुद्धलेखनाचे पर्याय आपणच लिहून द्यायचे. उलट संस्थेच्या नावात ‘सह्याद्री’ असेल तर सह्याद्री अतिथीगृहावरच्या बैठका, दूरदर्शनची वाहिनी आणि घाटातला पाऊस, सगळं आत येतं. त्यामुळे वगळायच्या शब्दांची यादी वेगळी लागते. छापील पानांवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम, चालतो. काळ्या पट्टीवरचे पांढरे मथळे तो हमखास चुकवतो.

बातमीचा सूर ठरवणं त्याहून अवघड. ‘आमदाराचा पक्षाला घरचा आहेर’ हे यंत्राला कौतुक वाटतं. ‘दिलासा’ दिसला की तेच, मग कोर्टाने तो समोरच्या पक्षाला दिलेला का असेना. म्हणून करारात घाला: मराठी कात्रणं माणूस वाचून कोड करेल (सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ ते नोंदवेल), आणि दरमहा 10 टक्के कात्रणं दोघं जण एकमेकांचं न बघता कोड करतील. दोघांची जुळणी क्रिपेनडॉर्फ अल्फात मागा, म्हणजे योगायोगाने जुळणारा भाग वजा करून काढलेल्या आकड्यात (1 म्हणजे पूर्ण जुळणी). 0.80 च्या वर असेल तर आकडे वापरा, 0.667 च्या खाली गेला तर तक्ता परत पाठवा. नुसत्या टक्केवारीला भुलू नका. शंभरातल्या 80 बातम्या तटस्थ असतील तर डोळे मिटून सगळीकडे ‘तटस्थ’ लिहिणाऱ्याचंही 80 टक्के बरोबर येतं.

अहवालाच्या पहिल्या पानावर रुपये छापलेले असतील, म्हणजे बातमीची किंमत तेवढ्याच जागेच्या जाहिरातीच्या दराने काढलेली असेल, तर सावध. 20 बाय 12 सेंमीची बातमी म्हणजे 240 चौसेंमी. जाहिरातीचा दर चौसेंमीला 500 रुपये धरला तर 1,20,000. वर ‘बातमीवर लोकांचा विश्वास जास्त’ म्हणून तिनाने गुणलं की 3,60,000! रेट कार्डच्या, म्हणजे वृत्तपत्राच्या छापील दरपत्रकाच्या, भावाने जाहिरात घेतं कोण? त्यात बातमी एका जिल्हा आवृत्तीतली आणि दर सगळ्या आवृत्त्यांचा. टीकेची बातमीही जमेलाच धरलेली. जनसंपर्काचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय बार्सिलोना तत्त्वांनी हा हिशेब 2010 मध्येच नाकारला. तरी ‘क्लायंट मागतात’ हे उत्तर तयार असतं. वाचकसंख्येचे आकडे कुठल्या वर्षाचे तेही विचारा. इंडियन रीडरशिप सर्व्हे 2019 नंतर बरीच वर्षं झालाच नव्हता.

सही करण्याआधी आपणच कोड केलेली 200 जुनी कात्रणं, आपली उत्तरं झाकून, तीन एजन्सींना द्या. चाचणीचे पैसे मागितले तर द्या, स्वस्तातच पडतं.

आणि बिल कात्रणावर ठरवू नका. एकच प्रेसनोट सात आवृत्त्यांत जशीच्या तशी लागली की सात कात्रणांचं बिल येतं. मासिक ठोक रक्कम ठरवा, आणि मूळ बातमी व तिच्या पुनरावृत्त्या वेगळ्या रकान्यांत मागा.