बाँडला पत्त्यांच्या टेबलाशी बसवा, मग कळतो

बाँडपट चांगला की वाईट हे मी गाड्या, बंदुका किंवा नटाच्या रुबाबावरून ठरवत नाही. बाँड खेळायला बसला की चित्रपट काय करतो, ते बघते. समोर पत्ते असोत, फासे असोत नाहीतर गोल्फचा चेंडू, त्या पाच-दहा मिनिटांत दिग्दर्शकाला माणसं कळतात की नुसते स्फोट कळतात हे उघडं पडतं. १९६२ च्या 'डॉ. नो'पासून २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत मूळ मालिका काढणाऱ्या ईऑन कंपनीचे पंचवीस चित्रपट झाले. त्या सगळ्यांना माझी हीच एक कसोटी आहे.

ही नजर मला बडोद्याने दिली. गुजरातेत सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सुमारास, घरोघरी पत्ते निघतात आणि दांडिया बाजारातली आमची मराठी घरंही त्यात मागे नसतात. सतरंजी पडली की मेंढीकोट सुरू. माझी आत्या पानं हातात आल्यावर लगेच लावायची नाही, आधी समोरच्यांचे चेहरे बघायची. कोणाच्या हातात दश्शी अडकली आहे हे तिला तो माणूस पानं कशी धरतो त्यावरून समजायचं. तिच्या भिडूला बोलायची गरजच पडत नसे.

'डॉ. नो'मध्ये बाँड पहिल्यांदा भेटतो तोच मुळी खेळताना. लंडनचा क्लब, हिरवं टेबल. चेहरा दिसत नाही, फक्त हात आणि पानं दिसतात. समोरची सिल्व्हिया ट्रेंच हरते आहे, तरी आणखी पैसे मागवते. तो नाव विचारतो. ती आडनाव आधी, मग पूर्ण नाव, असं सांगते. मग ती त्याचं विचारते आणि सिगरेट पेटवत तो अगदी तिच्याच धाटणीत उत्तर देतो. जगभर नकला झालेलं ते वाक्य त्याने समोरच्या बाईकडून उचललेलं आहे! शॉन कॉनरीचा बाँड इथेच पूर्ण उभा राहतो. समोरच्याने टाकलेलं पान उचलायचं आणि त्यानेच त्याला मात द्यायची, हा त्याचा स्वभाव.

'गोल्डफिंगर'मध्ये (१९६४) तर दोन डाव आहेत. मायामीत खलनायक गोल्डफिंगर रमी खेळतोय आणि वर हॉटेलच्या खोलीतून त्याची सेक्रेटरी दुर्बिणीने समोरच्याची पानं बघून त्याच्या कानात सांगतेय. पुढे गोल्फ. गोल्डफिंगरचा चेंडू हरवतो, त्याचा नोकर ऑडजॉब पँटच्या पायातून गुपचूप दुसरा सोडतो, आणि खरा चेंडू बाँडच्या बुटाखाली असतो. बाँड आरडाओरडा करत नाही. तो शेवटच्या होलआधी गोल्डफिंगरचा चेंडू बदलतो आणि 'चुकीच्या चेंडूने खेळलात' या नियमावर बोट ठेवून जिंकतो. अब्जाधीश माणूस एवढ्याशा पैजेत लबाडी करतो, म्हणजे त्याचा रोग पैशाचा नाही, हरणं सहन न होण्याचा आहे. पुढे तो फोर्ट नॉक्सच्या, म्हणजे अमेरिकेच्या सोन्याच्या कोठाराच्या, मागे का लागतो, ते इथेच पटतं. माझ्या मते अख्ख्या मालिकेत खलनायकाची इतकी नेमकी ओळख दुसरीकडे नाही.

'ऑक्टोपसी'बद्दल (१९८३) मात्र मला थोडं भांडायचं आहे. टीकाकार हा चित्रपट बाजूला टाकतात. पण लक्ष्मीविलास राजवाड्याच्या गावात वाढलेल्या माणसाने तो जरूर बघावा. उदयपूरचं लेक पॅलेस, सज्जनगड, पिचोल्याचं पाणी, सगळं खरंखुरं आहे. आणि बॅकगॅमनचा, फासे टाकून सोंगट्या हलवायचा, तो डाव! खलनायक कमाल खान (लुई जूर्डां) आत वजन भरलेल्या फाशांनी एका इंग्रजाला लुबाडतोय. बाँड त्याच्या जागी बसतो, जामीन म्हणून फॅबर्जेचं मौल्यवान शोभेचं अंडं टेबलावर ठेवतो, आणि खेळाडूचा हक्क म्हणून कमालचेच फासे मागून घेतो. दोन छक्के पडतात. कमाल काही बोलूच शकत नाही, कारण बोलला तर स्वतःची लबाडी कबूल होते. मागे उभा त्याचा अंगरक्षक (कबीर बेदी) ते फासे मुठीत धरून चुरा करतो. एक शब्द नाही, आणि भीती पक्की बसते. रिक्षांच्या पाठलागात टेनिसपटू विजय अमृतराज टेनिसची रॅकेट चालवतो, तेही मला आवडतं. पण जिंकलेल्या नोटा भारतीय साथीदाराच्या हाती देताना बाँड करीवरून जे बोलतो, ते दर वेळी टोचतं. इथला बाँड रॉजर मूर मला प्रिय आहे, तरी त्या वाक्याला माफी नाही.

मधले बरेच डाव मी भराभर सांगून टाकते. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये (१९६९) ट्रेसी खिशात पैसे नसताना खेळते आणि बाँड तिची हार भरतो. जगायचाच कंटाळा आलेली बाई त्या एका डावात दिसते, म्हणून शेवट इतका लागतो. 'गोल्डनआय'चा (१९९५) बॅकरा या पत्त्यांच्या खेळाचा डाव दिसायला झकास, आत फारसं काही नाही. 'डाय अनदर डे'मध्ये (२००२) तलवारबाजी आहे. ती सुरेख आहे, पण पुढे अदृश्य गाडी येते आणि माझा रस संपतो.

आता 'कॅसिनो रॉयाल' (२००६). सगळ्यांत वर मी हाच ठेवते. पुस्तकात बॅकरा आहे, इथे पोकर. डावात बसायचेच एक कोटी डॉलर. प्रेक्षकांसाठी बाँडचा साथीदार माथिस, बाँडच्या पैशांवर लक्ष ठेवणाऱ्या व्हेस्परच्या कानात नियम समजावत बसतो, त्याचे गुण मी कापते. शेवटच्या डावात चार जणांकडे एकाच वेळी फ्लश (एकाच रंगाची पाच पानं), दोन फुल हाउस (तीन सारखी, दोन सारखी) आणि बाँडकडे इस्पिकची पंजी-सत्ती धरून चौकी ते अठ्ठी अशी सलग पानं येतात. पत्ते खेळणाऱ्या माणसाला हे पटणं कठीण. पण माझा जीव त्या डावावर नाहीच, त्याआधीच्या हरलेल्या डावावर आहे. खलनायक ल शिफ्र डोळ्याजवळ बोट नेतो. थापा मारताना तो असं करतो, अशी बाँडची खात्री झालेली असते. तो होतं नव्हतं सगळं पुढे सरकवतो. समोरून चार गुलाम उघडतात. बोटाची ती सवयच मुद्दाम दाखवलेली होती. मग व्हेस्पर आणखी पन्नास लाख द्यायला साफ नकार देते, आणि बाँड जेवणाच्या टेबलावरची सुरी उचलून ल शिफ्रला मारायला निघतो. हरलेल्या माणसाचा तो संताप डॅनियल क्रेग मानेच्या शिरांतून दाखवतो. चेहरे वाचता येतात या घमेंडीची किंमत काय असते, हे आमच्या सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथल्या एका थिएटरने नेमका हा खेळ रंगात आला असताना मध्यंतर टाकलं होतं, त्याचा राग अजून गेलेला नाही. घरी बघणार असाल तर या अर्ध्या तासात फोन बंद ठेवा.

'नो टाइम टू डाय' माझ्यासाठी इथेच कमी पडतो. पावणेतीन तासांत एकही डाव नाही. खलनायक साफिन आणि बाँड समोरासमोर बसतात, पण साफिन नुसतं बोलत राहतो. कोणी काही पणाला लावून चाल करत नाही. त्यामुळे शेवटी डोळे भरून आले तरी ते क्रेगसाठी आले, गोष्टीसाठी नाही.

२०२५ मध्ये मालिकेची सर्जनशील सूत्रं ब्रोकोली घराण्याकडून अॅमेझॉन एमजीएमकडे गेली आणि पुढच्या चित्रपटासाठी दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह यांचं नाव जाहीर झालं. त्यांच्याकडे माझी एकच मागणी आहे. बाँडचे जनक इयान फ्लेमिंग यांच्या १९५५ च्या 'मूनरेकर' कादंबरीत ब्लेड्स क्लबातला ब्रिजचा डाव आहे. खलनायक ह्युगो ड्रॅक्स पत्ते वाटताना समोरच्या चकचकीत चांदीच्या सिगरेट केसमध्ये प्रत्येक पान बघून घेतो, आणि बाँड लावून आणलेल्या जोडाने त्याला हरवतो. १९७९ च्या चित्रपटाने हा डाव वगळला आणि बाँडला अंतराळात पाठवलं. तो डाव आता घ्या, घाई न करता घ्या, आणि पानं स्पष्ट दिसतील असा कॅमेरा ठेवा.