पोर्शे ९४४: आठ व्हॉल्व्ह, एस२ की टर्बो?

स्टुटगार्टात नोकरीला आलेल्या मराठी माणसाला जर्मन जमो न जमो, दोन-तीन वर्षांत जुन्या पोर्शेचा नाद लागतो. ९११ च्या किमती बघितल्या की तो मुकाट ९४४ कडे वळतो. ऑफिसातला माझा एक मित्र, मूळचा चिंचवडचा, गेल्या हिवाळ्यात असाच वळला. त्याने सगळी मॉडेलं कागदावर मांडली होती, समोर हॉर्सपॉवर, आणि सगळ्यात मोठ्या आकड्याला लाल गोल. गोल अर्थातच टर्बोभोवती होता. माझं भांडण त्या गोलाशी आहे.

आधी सगळ्यांत सारखं काय ते. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ, मधे एका जाड नळीतून जाणारा शाफ्ट. वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं, त्यामुळे कुठलीही ९४४ वळणावर छान बसते. त्याची वसुली क्लच बदलताना होते. सायलेन्सर काढा, गिअरबॉक्स उतरवा, नळी मागे ओढा, तेव्हा कुठे क्लचचं दर्शन होतं. म्हणून क्लच घसरत असेल तर तिथेच भाव पाडायचा. ‘ही खरी पोर्शे नव्हेच’ हे वाक्यही ऐकावं लागेल. ते ९४४ च्या आधीच्या धाकट्या पोर्शेचं, ९२४ चं पाप आहे, तिच्यात ऑडीचं दोन लिटरचं इंजिन होतं. ९४४ चं इंजिन पोर्शेने स्वतः केलं, आपल्याच मोठ्या ९२८ च्या आठ सिलिंडरच्या व्ही-८ चा अर्धा भाग समोर ठेवून.

१९८२ मध्ये रस्त्यावर आलेली पहिली ९४४ म्हणजे २४७९ सीसी, आठ व्हॉल्व्ह, युरोपात १६३ हॉर्सपॉवर. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या सुरुवातीच्या गाड्यांत हाच आकडा १५०. चार सिलिंडरचं इतकं मोठं इंजिन खरं तर थरथरायला हवं. पोर्शेने मित्सुबिशीचं लायसन्स घेऊन त्यात क्रँकच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट बसवले आणि थरथर दाबून टाकली. १०० चा वेग गाठायला आठ-साडेआठ सेकंद, जास्तीत जास्त २२० किमी. सिग्नलला आजची साधी हॅचबॅकही हिला मागे टाकेल. पण सिलिंडर हेड साधं, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकच, पार्ट मुबलक, आणि बॉनेट उघडल्यावर हात जिथे जायला हवा तिथे जातो. स्वतः पाना धरणाऱ्याने हीच घ्यावी. शक्यतो १९८५ च्या मध्यानंतरची, कारण तेव्हा डॅशबोर्ड बदलला. आधीचा ९२४ वरून आलेला आणि दिसायला तसाच गरीब.

मधली दोन भावंडं पटकन उरकतो. ९४४ एस मध्ये त्याच अडीच लिटरवर १६ व्हॉल्व्ह आणि १९० हॉर्सपॉवर, पण जोर सगळा वरच्या आरपीएमला, शहरात ती आठ व्हॉल्व्हवालीसारखीच वाटते. आणि १९८९ चं २.७ लिटरचं इंजिन, हॉर्सपॉवर १६५ म्हणजे कागदावर जेमतेम दोनच जास्त, टॉर्क, म्हणजे खेचण्याचा जोर, मात्र २२५ न्यूटन मीटर. लोक दुर्लक्ष करतात. चांगली मिळाली तर तुम्ही करू नका.

आता एस२. १९८९ पासून, २९९० सीसी, १६ व्हॉल्व्ह, २११ हॉर्सपॉवर, २८० न्यूटन मीटर, २४० किमी. पुढून दिसायला टर्बोसारखीच. एका रविवारी म्युनिककडे जाणाऱ्या ए८ महामार्गावर, आल्बच्या डोंगराचा घाट चढतो तिथे, आम्ही एक एस२ चालवून पाहिली. पुढे ट्रकची रांग, डावी लेन मोकळी झाली, मित्राचा हात सवयीने गिअरवर गेला. मी म्हटलं, राहू दे पाचवा. त्याने नुसता पाय दाबला आणि गाडी कुरकुर न करता चढत गेली. कागदावरचा लाल गोल मला वाटतं तिथेच पुसट झाला.

टर्बोचा मोह खोटा नाही. १९८५ ची टर्बो २२० हॉर्सपॉवरची, ३३० न्यूटन मीटरची. १९८८ ची टर्बो एस आणि १९८९ पासूनची प्रत्येक टर्बो २५० ची. कन्व्हर्टर असो वा नसो, २२० चा आकडा तोच, हे त्या काळी मोठं कौतुक होतं. पण टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो, म्हणून तीन हजार आरपीएमच्या खाली तुम्ही वाट बघता, आणि मग एकदम पाठीत धक्का बसतो. मोकळ्या रस्त्यावर मजा, पावसाळी गोलाकार चौकात घाम. चावी काढल्यावरही आत कुठेतरी घूं-घूं चालू राहतं, तो टर्बोला थंड करणारा विजेवरचा पाण्याचा पंप. तो ऐकू आलाच नाही तर मालकाला विचारा. टर्बोची उष्णता नळ्या, सील आणि वायरी सगळं वाळवते. चांगल्या टर्बोची किंमत आता एस२ च्या बरीच वर आहे, आणि स्वस्त टर्बो ही चीज नसते.

पण इंजिन कोणतंही असो, पहिला प्रश्न टायमिंग बेल्टचा, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या पट्ट्याचा. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचं काम निघतं. बॅलन्स शाफ्टचा बेल्ट वेगळा, तो तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला तरी तोच निकाल. बेल्ट केव्हा बदलले याची पावती हवी, ‘आत्ताच केलेत’ हे तोंडी चालणार नाही. एस आणि एस२ मध्ये दोन कॅमशाफ्टच्या मधे एक छोटी चेनही असते. तिच्या टेन्शनरचे प्लॅस्टिकचे पॅड वर्षानुवर्षं गरम तेलात कडक होऊन तुटतात. त्याची पावती वेगळी मागा. मग कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. आत ताकावर आलेल्या लोण्यासारखा तपकिरी थर दिसला तर ऑइल कूलरचे सील गेलेत. दुरुस्ती होते, पण सगळी सिस्टीम धुवत बसावं लागतं. पत्रा झिंक चढवलेला असल्याने टिकतो, तरी दाराखालच्या पट्ट्या वाकून बघा.

जर्मनीत सगळ्या ९४४ आता तिशी ओलांडून गेल्यात, म्हणजे मूळ रूप जपलं असेल तर जुन्या ऐतिहासिक गाड्यांची एच नंबरप्लेट मिळते आणि गाडीचा कर वर्षाला १९२ युरोच्या आसपास. इथे इंजिन किती लिटरचं याने फरक पडत नाही, म्हणून कराच्या भीतीने अडीच लिटरवाली घेऊ नका.

मित्राने शेवटी एस२ घेतली, राखाडी. रंग त्याला आवडला नव्हता, पण पावत्यांची फाइल दोन बोटं जाड होती. मालक म्हातारा. किल्ली देताना त्याने ग्लोव्ह बॉक्समधून एक काळा चौकोनी रिले काढून दाखवला, इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला करंट देणारा. हा अचानक मरतो आणि गाडी रस्त्यात उभी राहते. ‘हा जादाचा, इथेच राहू द्या,’ म्हणाला, आणि झाकण बंद केलं.