आधी श्रद्धा की आधी अनुभव? पंढरीची वारी आणि इगतपुरीची विपश्यना

साधना सुरू करायची, तर आधी विश्वास ठेवायचा की आधी पडताळून पाहायचं, इथेच बरेच जण अडतात. महाराष्ट्रात दोन्ही वाटा हाताशी आहेत.

विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहण्याची ध्यानपद्धती, सगळी अनुभवावर उभी आहे. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून ती घेऊन आले आणि इगतपुरीचं धम्मगिरी तिचं मोठं केंद्र झालं. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे चारला घंटा, मौन, मोबाइल आणि वही-पेन जमा. सुरुवातीला नुसत्या श्वासाकडे लक्ष. पुढे अधिष्ठान, म्हणजे तासभर हात-पाय न हलवता बसायचं. गुडघा ठणकायला लागतो, घड्याळ पुढे सरकत नाही, आणि एखाद्या बैठकीत तीच कळ आपोआप ओसरताना दिसते. मन खरोखर थोडं सुटतं. खोट अशी, की पुढच्या बैठकीत तेच पुन्हा हवंसं वाटतं. सुखद संवेदनेची हाव धरू नका, असं प्रवचनांत वारंवार बजावतात ते यासाठीच.

श्रद्धा तिथेही सुटत नाही. सुरुवातीलाच त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील (पाच नियम) घ्यावं लागतं. जप, माळ, पूजा, उपास दहा दिवस बाजूला ठेवावे लागतात. पद्धतीवर तेवढा भरवसा टाकल्याशिवाय अनुभव येत नाही.

वारकरी माळ घालताना मात्र तुम्हाला काय अनुभव आला, हे कुणी विचारत नाही. एकादशी, रोजचा हरिपाठ, मांस-मद्य वर्ज्य आणि पंढरीची वारी, एवढं पत्करायचं. अनुभव आपल्या पायांनी मागून येतो. आणि ही श्रद्धा मुकी नाही. पालखीतळावर संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावतो आणि एवढा जनसागर क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. तिचं म्हणणं ऐकून घेतात, मगच पुढचं. तक्रारीला अशी राखीव जागा ठेवणारी श्रद्धा मला फार मोलाची वाटते.

माझा कल वारीकडे आहे. ज्या दिवशी आत काहीच हलत नाही, त्या दिवशी अनुभवाची आस धरणारा साधक उठून जातो. हरिपाठवाला सवयीने का होईना, टाळ हाती घेतो. त्यातून विपश्यना शिबिरानंतरही सकाळ-संध्याकाळ एकेक तास मागते, हरिपाठ साधारण अर्ध्या तासात होतो. संसारी माणसाला हा फरक जाणवतो. पण देव या शब्दापाशीच मन अडत असेल, तर उसनी श्रद्धा आणू नका, सरळ इगतपुरी गाठा. शिबिराला फी नाही, शेवटी वाटलं तर दान द्यायचं. मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्ज भरू नका आणि अर्जात काही लपवू नका.

वारीला निघायचं तर आळंदी ते पंढरपूर अंदाजे अडीचशे किलोमीटर पहिल्याच वर्षी चालायला हवं असं नाही. पुणे ते सासवड, दिवे घाट चढून जा. दिंडीत नाव घालण्याआधी भिशी, म्हणजे जेवणाखाण्याची वर्गणी, किती, मुक्कामाची सोय काय, हे दिंडीप्रमुखांना मोकळेपणाने विचारा. माळेची घाई नको. आणि ती घालाल तेव्हा श्रद्धा विठ्ठलावर ठेवा, घालणाऱ्या महाराजांवर नव्हे.